नंदीबैल : खरेदी आणि शिकवण

दुसर्‍याच्या प्रत्येक बोलण्याला मान डोलावणार्‍या माणसाला आपण 'नंदीबैल' म्हणतों. या वाक्प्रचारानें त्या माणसावर अन्याय होत असेल किंवा नसेल. बैलावर मात्र खास होतो. मान उभी डोलावून 'होय' म्हणणें ही त्याच्या विद्येंतील पहिली इयत्ता. आडवी हालवून 'नाहीं' म्हणणें ही दुसरी. याच्या पुढेंही एक इयत्ता आहे, आणि ती मला फार उशिरां कळली. तेथपर्यंत पोंचावयाचें तर आधीं बैल विकत घेतला पाहिजे आणि मग तो शिकविला पाहिजे. म्हणून आरंभ बाजारापासूनच करूं.

माझें बालपण बुलढाण्यास गेलें. त्या जिल्ह्याचे लोक बोलण्यांत नेहमींच दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर हीं अजिंठ्याच्या रांगेवरचीं गांवें. राजूरचा घाट उतरलें कीं मोताळा, मलकापूर, नांदुरा आणि पूर्णेच्या खोर्‍यांतली कपाशीची काळी जमीन. दोहों भागांत शेतीचा बहुतेक भार आभाळावर. याच जिल्ह्यांत जळगांव जामोद तालुक्यांत भेंडवळ नांवाचें गांव आहे. तेथें अक्षय्य तृतीयेला घटाची मांडणी करून दुसर्‍या पहाटे पावसापिकाचें भाकीत सांगतात आणि तें ऐकावयास दूरदूरचे शेतकरी जमतात. अशा मुलखांत दारीं आलेल्या नंदीला पहिला प्रश्न कोणता विचारला जात असेल, हें सांगावयास नको.

नंदीवाले येत ते बहुधा सुगी झाल्यावर. प्रथम लांबून ढोलाचा 'गुबुगुबु' असा आवाज येई. ढोलाच्या एका अंगास टिपरूं मारून आणि दुसर्‍या अंगाच्या कातड्यावर वांकडी काठी घासून तो काढतात. मग झूल, कवड्या आणि घागरमाळ ल्यालेला तो थोरला बैल आळींत शिरे आणि आम्हां मुलांची पळापळ होई. हे लोक तिरमली. घरांत त्यांची बोली तेलुगु वळणाची. आंध्रांतही संक्रांतीच्या दिवसांत असाच सजविलेला बैल दारोदार येतो. तेथें त्याला 'गंगिरेद्दु' म्हणतात. आमच्या आजीनें एकदां या बैलाला एक प्रश्न विचारला होता. तो पुढें सांगेन.

पुष्कळ वर्षांनीं, मी नोकरीला लागल्यावर, एका वृद्ध नंदीवाल्याशीं माझी ओळख झाली. तो म्हणाला, "भाऊ, लोक बैल पाहतात. आम्ही बैल पाहत नाहीं, बैल काय पाहतो तें पाहतों." या एका वाक्यांत त्याचें खरेदीचें सगळें शास्त्र होतें. शेतकर्‍याची नजर निराळी असते. तो आधीं दांत पाहतो. गाईबैलांच्या वरच्या जबड्यांत पुढचे दांत मुळींच नसतात. शहरांतून आलेले आमचे एक पाहुणे हें प्रथमच पाहून बैल म्हातारा झाला म्हणून हळहळले होते! खालीं आठ दांत असतात. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास दुधाच्या दांतांपैकीं मधली जोडी पडून पक्की जोडी येते, मग एकेक जोडी पालटत पालटत पांचव्या वर्षाच्या आसपास आठही पक्के होतात. त्यावरून आदत, दोनदांती, चारदांती, सहादांती आणि शेवटीं 'जुळलेला' अशी भाषा बाजारांत चालते. जुळल्यानंतरचें वय दांतांच्या झिजेवरून ताडावें लागतें, आणि तेथेंच फसवणुकीला वाव मिळतो. शेतकर्‍याला चारदांती बैल बरा, कारण तो लगेच वखराला लागतो. नंदीवाल्याला आदत गोर्‍हा हवा. त्याला जुवाची संवय लागलेली नको.

फसवणुकीचे प्रकार अनेक. शिंगें तासून तेल चोपडावें, म्हणजे तीं कोवळीं दिसतात. बैल उंचवट्यावर बांधावा, म्हणजे तो थोराड दिसतो. मीठ चारून पाणी पाजावें, म्हणजे पोट भरलेलें दिसतें. आमच्या काकांनीं एका बाजारांतून एक बैल आणला, तो इतका शांत कीं लहान मूल त्याच्या पोटाखालून जावें. दुसर्‍या दिवशीं त्यानें दावें तोडलें, गव्हाण मोडली आणि गड्याला कुंपणावर फेंकलें. विकणार्‍यानें त्याला रात्रभर चालवून आणलें होतें. आम्ही शांतपणा समजून थकवा विकत घेतला होता. म्हणून जाणता माणूस बाजारांत सकाळीं लवकर जातो, बैल बसलेला असतां कसा उठतो तें पाहतो, आणि विसांवा मिळाल्यावर पुन्हा एकदां पाहतो.

नंदीवाल्याची परीक्षा याहून वेगळी. तो गोर्‍ह्याच्या पुढें एकदम छत्री उघडतो, मागें ढोल वाजवितो. जो बुजून दावें तोडूं पाहतो तो नको. जो ढिम्म हालत नाहीं तोही नको, कारण ज्याला कशाचेंच कांहीं वाटत नाहीं त्याला खूण कशी कळणार? जो दचकतो, मग कान टवकारून वळतो आणि मान पुढें करून वास घेतो, तो घ्यावा. भीतीपेक्षां जिज्ञासा मोठी असलेलें जनावर त्याला हवें असतें. रंग पांढरा असावा, शिंगें जुळतीं असावीं, हें नंतरचें; झुलेखालीं रंग किती दिसतो?

भोंवर्‍यांविषयीं मात्र दोघेही फार काटेकोर. बैलाच्या अंगावर केंस जेथें चक्राकार फिरतात त्या खुणेला भोंवरा म्हणतात. अमक्या जागचा भोंवरा शुभ, तमक्या जागचा घरबुडव्या, असे ठोकताळे गांवोगांव आहेत, आणि त्यांपायीं चांगल्या बैलाची किंमत पडलेली मी पाहिली आहे. ही सगळी भाकडकथा, असें मी पुष्कळ दिवस म्हणत असें. परंतु १९९५ मध्यें अमेरिकेंतील टेंपल ग्रँडिन या पशुवर्तनाच्या अभ्यासक बाईंनीं व त्यांच्या सहकार्‍यांनीं एक निरीक्षण प्रसिद्ध केलें : ज्या जनावरांच्या कपाळावरचा भोंवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असतो, तीं अडकवून धरलें असतां अधिक बिथरतात. हा सरासरीचा कल आहे. एकट्या बैलाचें भविष्य त्यावरून सांगतां येत नाहीं. आणि घर बुडण्याशीं तर त्याचा कांहींच संबंध नाहीं. तरी कपाळाकडे पाहणारा शेतकरी अगदींच वार्‍यावर पाहत नव्हता, एवढें मला कबूल करावें लागलें.

सौदा तोंडानें होत नाहीं. घेणारा व देणारा, किंवा दोघांच्या मधला दलाल, उपरण्याखालीं हात घालतात आणि बोटें दाबून भाव सांगतात. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पांच. शेंकडे कीं हजार तें दोघांना ठाऊक असतें. चेहर्‍यावर रेषा हालत नाहीं. भोंवतालच्यांना भाव कळला नाहीं म्हणजे पुढच्या गिर्‍हाइकाशीं पुन्हा मोकळेपणीं बोलतां येतें, हें त्यांतलें मर्म. भाव ठरला कीं इसार आणि मग पावती.

आतां शिकवण. त्या म्हातार्‍याच्या पद्धतींत पहिला महिना कांहींच शिकवावयाचें नसे. चारा एकाच हातानें घालावयाचा, पाण्यावर त्याच माणसानें न्यावयाचें, रात्रीं शेजारीं निजावयाचें. नाकाच्या पडद्यांतून ओंवलेली वेसण ही वेदनेची कळ आहे, हें त्यानें मजपासून लपविलें नाहीं. "वेसण ओढून शिकवलेला बैल दोरी ढिली झाली कीं विसरतो," असें तो म्हणे. वेसणीवर जगणारेही या धंद्यांत आहेत. त्यांच्या बैलांच्या नाकपुड्यांकडे पाहिलें म्हणजे ते ओळखूं येतात.

मान डोलावणें गुळाच्या खड्यानें शिकवितात. खडा हनुवटीखालीं न्यावा, वर आणावा. मान त्यामागून खालींवर होते. त्याच वेळीं ढोलावर एक ठराविक घांस द्यावी. मान हालली रे हालली कीं गूळ तोंडांत. येथें वेळेला फार महत्त्व आहे. गूळ जरा उशिरां दिला तर, मधल्या क्षणीं त्यानें शेपटी झाडली असल्यास, बैल शेपटीचा धडा शिकतो. पुढें गूळ दिसेनासा होतो, नुसता आवाज उरतो. आणि शेवटीं आवाजही उरत नाहीं, काठी किंचित् थांबते एवढेंच. आडव्या मानेचा धडा निराळ्या घांसेवर. पाटावर चारही पाय जुळवून उभें राहणें पुढें येतें : आधीं रुंद फळी, मग अरुंद, मग पाट. निजलेल्या माणसाच्या छातीवर खूर टेंकण्याचा धडा भुशाच्या पोत्यावर देतात. चारपांचशें किलोंचें जनावर खूर टेंकवितें, पण भार उरलेल्या तीन पायांवर तोलून धरतें. तो पाहतांना मला नेहमीं बैलापेक्षां खालच्या माणसाचें आश्चर्य वाटे.

मी त्याला विचारलें, "बाबा, खूण तुम्ही देतां, मग लोकांना बैल सांगतो असें कां म्हणतां?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पहिलीं चार वर्षं मी खूण देत होतों. आतां देतों कीं नाहीं, मला ठाव नाहीं. मी मनांत आणतों आणि तो हालतो."

हें ऐकून मला बर्लिनच्या एका घोड्याची आठवण झाली. हान्स त्याचें नांव. विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकानें त्याला गणित शिकविलें होतें. बेरजेचें उत्तर तो खुरानें ठोके मारून देई. १९०४ मध्यें विद्वानांची समिती बसली आणि तिला लबाडी सांपडली नाहीं, कारण लबाडी नव्हतीच. ऑस्कर फुंग्स्ट नांवाच्या संशोधकानें मग बारकाईनें प्रयोग केले व १९०७ मध्यें ते प्रसिद्ध केले. विचारणार्‍याला स्वतःला उत्तर माहीत नसलें कीं घोडा चुके. विचारणारा दिसेनासा केला कीं घोडा चुके. विचारणारे लोक ठोके मोजावयास नकळत किंचित् वांकत आणि बरोबर आंकडा येतांच नकळत मान वर करीत. घोडा तेवढें पाही. विशेष म्हणजे, हें गुपित कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल आवरतां येईना. घोड्याला गणित येत नव्हतें. माणूस वाचतां येत होता. आमच्या म्हातार्‍याचा बैल याच शाळेंतला. आणि म्हातारा तरी काय करीत होता? तो दारांतल्या माणसाचा चेहरा वाचीत होता आणि बैल म्हातार्‍याचा.

आतां आजीचा प्रश्न. माझे धाकटे काका भांडून घर सोडून गेले होते. एका दुपारीं नंदी दारीं आला, शेजारणींनीं पावसाचे, लग्नांचे प्रश्न विचारले, बैलानें माना हालविल्या. आजी सुपांत ज्वारी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "महादेवा, माझा लेक येईल का रे घरीं?" ढोल थांबला. बैल हालला नाहीं. होय नाहीं, नाहीं नाहीं. मग त्यानें पुढचा एक गुडघा टेंकला आणि आजीपुढें मस्तक लवविलें. आजीनें त्याच्या कपाळाला हात लावला, ज्वारी झोळींत ओतली आणि ती आंत गेली. आम्हीं मुलांनीं बैल चुकला असें ठरविलें.

हा प्रसंग मी त्या वृद्धाला सांगितला. माझ्या दारीं आलेला नंदी त्याचा नव्हता, पण तो लगेच हसला. "चुकला नाहीं, भाऊ. ती सलामी. ज्या सवालाला जबाब देऊं नये, तिथं बैल सलाम करतो. पाऊस पडेल का, यावर 'होय' म्हणायला काय जातं, तो कधींतरी पडतोच. पण 'उद्यां पेरूं का' असं कुणी विचारलं, तर सलाम." तरुणपणीं एका कास्तकाराला त्यानें बैलाकडून 'होय' म्हणविलें होतें. त्यानें धूळपेरणी केली, पाऊस लांबला, बियाणें गेलें, दुबार पेरणीला कर्ज काढावें लागलें. दुसर्‍या वर्षीं तो माणूस रागावलाही नाहीं, त्यानें नेहमींसारखें पायलीभर धान्य दिलें. "तेंच लागलं," म्हातारा म्हणाला. सलामीची खूण त्यानें त्या वर्षीं बैलाला नव्यानें शिकविली, आणि तीच शिकवावयास सर्वांत वेळ लागला; कारण ती आधीं त्याला स्वतःला शिकावी लागली.

आज या धंद्याला कायद्याचा काच आहे. भीक मागण्यास प्रतिबंध करणार्‍या मुंबई राज्याच्या १९५९ च्या कायद्याच्या व्याख्येंत भविष्य सांगून व खेळ करून पैसे घेणेंही येतें. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याखालीं, ज्यांना खेळासाठीं शिकवूं नये व लोकांपुढें नाचवूं नये अशा प्राण्यांत केंद्र सरकारनें जुलै २०११ मध्यें बैल घातला. बैलांच्या शर्यती सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बंद केल्या. राज्यांनीं दुरुस्त्या केल्या आणि त्या न्यायालयानें मे २०२३ मध्यें ग्राह्य धरल्या; आमच्याकडचे शंकरपटही पुन्हा भरूं लागले आहेत. पण महाराष्ट्राची ती दुरुस्ती शर्यतींपुरती आहे. दारोदार फिरणार्‍या नंदीला तिचा आधार नाहीं. फुटलेल्या नाकपुड्या मीं पाहिल्या आहेत, म्हणून कायदा नको असें मला म्हणवत नाहीं. गुळाच्या खड्यानें शिकलेला बैलही पाहिला आहे, म्हणून सगळे एका मापानें मोजले जातात याचें वाईट वाटतें.

शेवटच्या भेटींत त्याचा बैल थकला होता. दांत झिजून खुंट झाले होते, झुलेखालीं बरगड्या दिसत होत्या. मीं सहज विचारलें, "बाबा, याला बाजारांत नेलें तर काय येईल?" तो कांहीं बोलला नाहीं. खांद्यावरचें उपरणें त्यानें आपल्या हातावर टाकलें आणि हात पुढें केला. मींही रीतीप्रमाणें त्याखालीं हात घातला व तो कोणतें बोट दाबतो याची वाट पाहूं लागलों. त्यानें एकही बोट दाबलें नाहीं. माझा सबंध हात नुसता धरून ठेवला, आणि बैलाकडे पाहत बसला.