भाषण तोंडपाठ आहे, पण बोलता येतं का?

'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग...' इथून सुरू होऊन 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' इथं थांबणारं भाषण आपण सगळ्यांनी ऐकलंय. कराडला तर यशवंतराव चव्हाण टिळक हायस्कूलमध्ये शिकले, त्यामुळं १२ मार्चला त्यांच्या जयंतीला अशा भाषणांना वेगळंच वजन येतं. मुलं धीट होतात हे खरं. पण भाषण झाल्यावर कुणी एखादा साधा प्रश्न विचारला तर? बऱ्याचदा मूल बाईंकडं बघतं.

कारण पाठांतर वेगळं आणि बोलणं वेगळं. बोलायला समोरच्याचं ऐकावं लागतं. भाषेची कौशल्यं सांगताना श्रवण, भाषण, वाचन, लेखन असा क्रम लावतात, तो उगाच नाही. वर्गात मात्र वेळ मिळतो तो शेवटच्या दोघांना.

आता गुणांचं बघू. पाचवी-सहावीच्या संकलित परीक्षेत ५० पैकी १० गुण तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे असतात, सातवी-आठवीत ६० पैकी १०. म्हणजे जागा आहे. पण कविता म्हणून दाखवली की ते गुण मिळत असतील, तर मोजलं काय?

दहावीला याची किंमत दिसली. २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढले आणि राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळं सगळं खापर त्यावर फोडता येणार नाही. पुढच्या वर्षी गुण परत आले, निकाल ९५.३० टक्के लागला. ओरड झाली ती गुणांसाठी. मुलांना बोलता येतं का, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

मग शिकवायचं कसं? खर्च काहीच नाही. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकानं एसटी स्टँडपासून प्रीतिसंगमापर्यंतचा रस्ता सांगायचा, दुसऱ्यानं ऐकून कागदावर काढायचा. हातवारे बंद, 'तिकडनं असं वळायचं' चालणार नाही. दत्त चौक आला का, मग उजवीकडं की डावीकडं, हे विचारावंच लागतं. नकाशा चुकला की दोघांनी मिळून शोधायचं: सांगणारा चुकला की ऐकणारा? पाठ केलेलं इथं कामाला येत नाही. सहावीच्या मुलांना यात मजाही येते.

दुसरा साधा नियम गटचर्चेसाठी. आपलं मत मांडण्याआधी आधीच्या मुलानं काय म्हटलं ते एका वाक्यात सांगायचं आणि त्यानं 'हो, हेच म्हणालो' म्हटलं तरच पुढं जायचं. पहिले काही दिवस चर्चा रेंगाळते. रेंगाळू द्यावी.

एक अडचण मात्र शिक्षकांच्या हातात आहे. मुलगी 'पानी न्हाई आलं' म्हणाली की लगेच 'पाणी नाही आलं म्हण' अशी दुरुस्ती होते. पाणी का आलं नाही, हे विचारायचं राहून जातं. उसाच्या हंगामात बीडकडून आलेल्या तोडणी कामगारांच्या मुलांची बोली तर आणखी वेगळी. वर्ग हसला की ते मूल पुढं तोंड उघडत नाही. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, पण ती मुलाचं वाक्य पुरं झाल्यावर. आधी त्याला विचारायचं, 'मग पुढं काय झालं?'