नांगराचा तास चुकला तेव्हा...

खरं तर संपादक मंडळाने माझ्याकडे इंग्रजी विभागासाठी लेख मागितला होता. पण विषय माझ्या आजीचा आहे, आणि आजीशी मी इंग्रजीत कधी बोललेच नाही! म्हणून मराठीत लिहायचं धाडस करतेय. कॉन्व्हेंटवाली आहे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या.

आजी पाथरीला काकांकडे राहते. वय ७६. मला अजून 'एकोणसत्तर' म्हणजे ५९ की ६९ हे आठवावं लागतं, ती मात्र कापसाचा हिशेब तोंडी करते. गेल्या मे महिन्यात आम्ही सुट्टीला गेलो होतो. एका संध्याकाळी ती अचानक विचारू लागली, "बैलं सोडले का?" बैल विकून कितीतरी वर्षं झालीत. बाबा जवळ गेले, तर डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, "तुम्ही कोन्या गावचे?" पोटच्या मुलाला 'तुम्ही'! बाबा काहीच बोलले नाहीत, उठून बाहेर गेले.

सकाळी ती एकदम ठीक. चहा मागितला, माझी वेणी घातली. आम्ही हुश्श केलं. शेजारी म्हणाले, म्हातारचळ. मी मोबाईलवर अर्धा तास वाचून जाहीर केलं, अल्झायमर! आता हिला कोणाकडे ठेवायचं, यावर काका-बाबांचं बोलणंसुद्धा सुरू झालं. दुसऱ्या रात्री ती कडी काढून माहेरी निघाली, तेव्हा कुठे आम्ही तिला परभणीला नेलं.

डॉक्टरांनी आधी एवढंच विचारलं, "हे कधीपासून?" बाबा म्हणाले, "परवा संध्याकाळपासून." डॉक्टर म्हणाले, "मग याला म्हातारपण म्हणू नका. म्हातारपण एका संध्याकाळत येत नसतं."

मित्रांनो, मला सांगायचंय ते एवढंच. अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो तो बहुतेक वेळा 'डेलिरियम' असतो. हा शब्द लॅटिनमधला आहे. 'लिरा' म्हणजे नांगराचा तास, आणि डेलिरियम म्हणजे तास सोडून भरकटणं. आजीला हे नंतर सांगितलं तर ती खूप हसली.

१९९० साली डॉ. शेरॉन इनोये यांनी डेलिरियम ओळखायची एक पद्धत मांडली. आपल्याला ती लॉजिक गेटसारखी लक्षात राहील. एक, बदल अचानक झाला आणि तो कमी-जास्त होतो. दोन, लक्ष टिकत नाही (वार उलटे म्हणायला सांगून बघा). तीन, बोलणं विस्कळीत. चार, माणूस फार अस्वस्थ किंवा फार गुंगीत. पहिलं 'ॲण्ड' दुसरं, आणि त्यासोबत तिसरं 'ऑर' चौथं. सकाळी आजी बरी दिसली म्हणून आम्ही निर्धास्त झालो, पण ते कमी-जास्त होणं हेच तर लक्षण होतं! आणि प्रत्येक पेशंट आरडाओरडा करतो असंही नाही. काही नुसते गप्प पडून राहतात, आणि तेच घरच्यांच्या नजरेतून सुटतात.

पण असं होतं का? आपण डिझाइनमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी शिकतो ना, म्हाताऱ्या मेंदूचा तो कमी झालेला असतो. तरुण माणसाला ज्याने नुसता ताप येईल, त्याने इथे सगळी सिस्टीम ट्रिप होते. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, रक्तातली साखर किंवा सोडियम उतरणं, झोपेच्या किंवा सर्दी-खाजेच्या गोळ्या, ऑपरेशन, तुंबलेली लघवी, अगदी बद्धकोष्ठसुद्धा कारण असू शकतं. बरेचदा एकापेक्षा जास्त कारणं असतात.

आजीचं तसंच निघालं. संडास अंगणाच्या टोकाला, गुडघे दुखतात, म्हणून ती पाणीच कमी प्यायची. त्यात लघवीचा संसर्ग झाला. वर बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी, आणि मीठ जवळजवळ बंद. सोडियम १३५ ते १४५ असायला हवं, तिचं होतं ११९. असं सोडियम घाईने वर आणलं तर मेंदूला इजा होते, म्हणून दवाखान्यातच हळूहळू वाढवतात. घरी मिठाचं पाणी पाजणं हा उपाय नव्हे. नुसतं साधं पाणी भरपूर पाजलं तर सोडियम आणखी उतरू शकतं.

काही वेळा तर सकाळचीही वाट बघायची नाही. तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली, तर तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. लगेच १०८ ला फोन करा. मधुमेही असेल तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि माणूस नीट गिळत असेल तर साखर द्या, गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका. गेल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत डोक्यावर पडणं झालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

पेशंटशी वाद घालू नका. चष्मा, कानाचं यंत्र द्या, खोलीत उजेड ठेवा, आज कोणता वार आहे ते शांतपणे सांगा. ओळखीचा माणूस जवळ बसू द्या.

चौथ्या दिवशी आजीने बाबांकडे बघून विचारलं, "काय रे, जेवलास का?" तो 'रे' ऐकून बाबांचे डोळे भरून आले. पूर्ण सावरायला तिला तीन आठवडे लागले.

या सुट्टीत घरी जाल तेव्हा एक काम नक्की करा. आई-बाबा, आजी-आजोबा कोणत्या गोळ्या घेतात ते एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा. आणि कधी असं झालंच, तर सुरू झाल्याची वेळ त्याच कागदावर लिहा. आमचे दोन दिवस वाया गेले, तुमचे जाऊ नयेत.