स्कुबाच्या टाक्या गाडीतून नेताय? आधी वजन मोजा, मग पट्टा आवळा

मालवण : पावसाळा संपून समुद्र निवळला की तारकर्ली, देवबाग, दांडी, चिवला या भागांत सकाळी एकच धावपळ सुरू होते. पर्यटक यायच्या आधी हवेच्या टाक्या भरून आणायच्या आणि होडीपर्यंत पोचवायच्या. त्यासाठी बहुतेकांकडे असते ती घरचीच गाडी. कोणाची व्हॅन, कोणाची छोटी कार. काही जण तर स्कूटरवर दोन पायांच्या मधे टाकी उभी करून निघतात. रोजचंच काम असल्यामुळे त्यातला धोका कोणाच्या लक्षात येत नाही.

टाकीत नेमकं काय असतं?

पुष्कळांना वाटतं की टाकीत ऑक्सिजन असतो. तसं नाही. इथल्या पर्यटकांना पाण्याखाली नेताना वापरतात ती आपली साधी हवाच असते, फक्त दाबून भरलेली. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत पाणी भरलं तर जेमतेम 11 लिटर मावेल. त्याच टाकीत 200 बार दाबाने सुमारे 2,200 लिटर हवा बसवलेली असते, म्हणजे दोन मोठी लोखंडी कपाटं भरतील एवढी. कारच्या टायरात दोन-सव्वादोन बार हवा असते. यावरून टाकीतल्या दाबाचा अंदाज यावा.

टाकीचं अंग जाड असतं, पण वरचा व्हॉल्व्ह बाहेर आलेला असतो. टाकी जोरात आपटून तो तुटला, तर हवा एका झोतात बाहेर पडते आणि टाकी बाणासारखी सुटते. म्हणून भरलेली टाकी कधीही मोकळी ठेवू नये.

अचानक ब्रेक लागला तर?

भरलेली टाकी साधारण 17 किलोची. गाडी ताशी 50 किलोमीटर वेगात असताना समोर काही आदळलं, तर गाडी थांबते, पण मागची मोकळी टाकी त्याच वेगाने पुढे येते. त्या वेळी तिचा मार तीन मजली घराच्या गच्चीवरून पडलेल्या टाकीएवढा असतो. आणि तिच्या वाटेत असते ड्रायव्हरची पाठ.

गाडीला किती झेपतं?

एक साधा हिशोब बघा. 10 टाक्यांचे 170 किलो. शिशाची वजनं 30 किलो. जॅकेटं, रेग्युलेटर, ओले सूट मिळून आणखी 40. झाले 240 किलो. त्यात ड्रायव्हर आणि एक मदतनीस धरले की 370 च्या वर जातं. पाच माणसांच्या गाडीत प्रत्येकी 70 किलो धरले तरी 350 च होतात. म्हणजे गाडी रिकामी दिसत असली तरी ती भरलेली असते. मागचा भाग बसतो, ब्रेक उशिरा लागतो आणि वळणावर गाडी झोलते.

त्यामुळे एका फेरीत जास्त कोंबण्यापेक्षा दोन फेऱ्या परवडतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरातल्या हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात पूर्ण भारासाठी दिलेला आकडा बघून हवा भरावी.

मांडणी कशी करायची?

मागची सीट दुमडावी, पण काढून टाकू नये. आरसी बुकात जेवढ्या सीट लिहिल्यात तेवढ्या गाडीत असाव्या लागतात. परवानगीशिवाय केलेला बदल मोटार वाहन कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याच्या वेळी तोच बदल आडवा येऊ शकतो. धंदा मोठा असेल तर मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी घेणंच बरं.

टाक्या उभ्या नव्हे, आडव्या ठेवाव्यात. बूड ड्रायव्हरच्या बाजूला आणि व्हॉल्व्ह मागच्या दाराकडे. ब्रेक लागून टाकी सरकलीच तर बूड आपटेल, व्हॉल्व्ह नाही. दार आणि व्हॉल्व्ह यांच्या मधे वीतभर जागा सोडावी.

टाक्या घरंगळू नयेत म्हणून गावातल्या सुताराकडून दोन फळ्यांना अर्धगोल खाचा पाडून घ्याव्यात. टाकीची जाडी साधारण 18 सेंटीमीटर असते, त्यामुळे मीटरभर रुंदीत पाच टाक्या बसतात. खाचांना जुन्या ट्यूबचं रबर लावलं की टाकी घासत नाही. वरून ट्रकवाले वापरतात तो आवळायचा पट्टा घ्यावा आणि तो गाडीच्या लोखंडी कड्यांना अडकवावा. प्लास्टिकच्या हुकाला किंवा नायलॉनच्या सुतळीला हे वजन पेलणार नाही.

शिशाची वजनं सगळ्यात खाली, सीटच्या पाठीला लागून. ओले सूट मासळीच्या क्रेटमधे. रेग्युलेटर मात्र वेगळ्या पिशवीत, त्यावर काही ठेवू नये.

कंबर सांभाळा

छोट्या कारच्या डिकीला उंच काठ असतो. टाकी काठावरून उचलून आत वाकून ठेवताना कंबर धरते. काठाच्या उंचीला जाड प्लायवूडची फळी बसवली की टाकी काठावर टेकवून आत सरकवता येते. उचलताना गुडघ्यात वाकावं, टाकी अंगाला लावून धरावी.

ऊन, पेट्रोल आणि खारं पाणी

उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते. टाकी एक अंश तापली की दाब सुमारे पाऊण बारपर्यंत वाढतो. 30 अंशांनी तापली तर 200 चे 220 होतात. म्हणून गाडी माडाच्या सावलीत उभी करावी, काचा थोड्या उघड्या ठेवाव्यात.

होडीच्या इंजिनाचं पेट्रोल टाक्यांसोबत एकाच फेरीत नेऊ नये. पेटणाऱ्या वस्तूंबरोबर गॅस सिलिंडर नेण्यास आणि दुचाकीवरून भरलेला सिलिंडर नेण्यास नियमानेच मनाई आहे.

परतताना सामानातून खारं पाणी गळतं आणि गाडीचा पत्रा आतून खातं. खाली कडा असलेली रबरी चटई टाकावी आणि संध्याकाळी ती काढून फरशी गोड्या पाण्याने पुसावी.

निघण्याआधी पाच गोष्टी

- सगळे व्हॉल्व्ह बंद आहेत का?
- पट्टा हाताने हलवून बघितला का?
- टायरात भाराप्रमाणे हवा आहे का?
- गाडीत पेट्रोलचा कॅन नाही ना?
- टाक्यांच्या बाजूला किंवा वर कोणी बसलेलं नाही ना?

याला पाच मिनिटं लागतात. होडी तेवढी थांबते.