खिडकीची सीट, सुकं बोंबील आणि तिथीचं गणित

डहाणूहून चर्चगेटला निघालेली लोकल बोईसरला येते तेव्हा खिडक्या बहुतेक भरलेल्याच असतात. डहाणू आणि वाणगाववाल्यांनी आधीच जागा पकडलेल्या असतात. मग चढणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘कुठे उतरणार?’ समोरून ‘पालघर’ असं उत्तर आलं की त्या क्षणी जे वाटतं ना, त्याला नीटसा शब्द नाही. मध्ये फक्त उमरोळी, आणि मग सीट आपली. तीसुद्धा खिडकीची! पुढे सफाळे सुटलं की वैतरणेचे पूल येतात, दोन्ही बाजूंना पाणी, कानात वारा. डब्यातली भांडणंसुद्धा तेवढ्यापुरती थांबतात.

याला आनंद म्हणायचं का? ‘आज काय झालं?’ असं घरी कुणी विचारलं तर आपण ‘काही नाही’ म्हणतो. खिडकी मिळाली हे काही सांगण्यासारखं नसतं. सांगण्यासारखं म्हणजे प्लेसमेंट, नवा फोन, गोव्याची ट्रिप, परीक्षेत पर्सेंटाइल. आणि ते सगळं बहुधा इथे नसतंच. कट्ट्यावर हे वाक्य किती वेळा ऐकलंय: ‘बोईसरमध्ये आहेच काय? एमआयडीसी आणि ट्रॅफिक.’

एका जुन्या प्रयोगाची गोष्ट सांगते. १९७८ साली अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या २२ लोकांना गाठलं. बक्षिसं तगडी होती, काहींना तर दहा लाख डॉलर लागलेले. त्यांच्याशी तुलना करायला त्याच भागातली लॉटरी न लागलेली साधी माणसं घेतली. सगळ्यांना सात अगदी किरकोळ गोष्टींबद्दल विचारलं: मित्राशी गप्पा, टीव्ही बघणं, सकाळचा नाश्ता, एखादा विनोद ऐकणं, कुणी केलेलं कौतुक, मासिक वाचणं, कपडे खरेदी. यातून किती मजा येते? लॉटरीवाल्यांना या गोष्टींतून मिळणारी मजा इतरांपेक्षा कमी निघाली. एवढं मोठं काहीतरी घडून गेल्यावर नाश्ता फिका पडला होता. आणि एकूण आनंदाच्या मोजपट्टीवर ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फारसे पुढेही नव्हते.

हा प्रयोग व्हॉट्सॅपवर ‘पैशाने सुख मिळत नाही’ या छापाच्या फॉरवर्डमध्ये फिरत असतो, म्हणून थोडं थांबा. २२ माणसं म्हणजे फार कमी. पुढे स्वीडनमध्ये लॉटरी जिंकलेल्या कितीतरी जास्त लोकांचा अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात मोठं बक्षीस मिळालेले लोक बऱ्याच वर्षांनंतरही आपल्या आयुष्यावर जास्त समाधानी दिसले. साहजिक आहे. कर्ज फिटलं, घर झालं, तर माणूस खूश होणारच. ज्याच्या घरी फीचा हप्ता थकलाय त्याला ‘सूर्यास्तात सुख शोध’ असं सांगणारा माणूस मला तरी आवडत नाही. पण ब्रिकमनच्या प्रयोगातली नाश्त्याची गोष्ट डोक्यातून जात नाही. कारण तिथे प्रश्न पैशाचा कमी आणि सवयीचा जास्त आहे. मोठ्या गोष्टीची सवय होते. मग छोटी दिसेनाशी होते. एड डायनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९१च्या सुमारास मांडलं की माणूस किती सुखी आहे हे आनंदाचा एखादा झटका किती जोरदार होता यावर ठरत नाही, बरं वाटण्याचे क्षण किती वेळा येतात यावर जास्त ठरतं. म्हणजे वर्षातून एकदा गोवा एका पारड्यात आणि आठवड्यातून तीनदा खिडकी दुसऱ्या. हिशोब करून बघा.

आता ही खिडकी तरी कुठून आली? आज फर्स्ट इयरला असलेल्यांना वाटत असेल की लोकल डहाणूपर्यंत पहिल्यापासूनच आहे. नाही. उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली १६ एप्रिल २०१३ला. त्याआधी विरारच्या पुढच्या ६४ किलोमीटरच्या पट्ट्यात शटल, पॅसेंजर आणि थांबणाऱ्या मोजक्या मेल-एक्सप्रेसवर भागवावं लागे. एक गाडी चुकली की पुढचीचा भरवसा नाही. प्रवासी संघटनांनी अर्ज, निवेदनं, आंदोलनं अशी वर्षानुवर्षं धरून लावली तेव्हा ती लोकल आली. आपल्या आईबाबांना विचारा, ते शटलच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात.

आणि फ्लाइंग राणी! सुरत-मुंबई मार्गावरच्या या गाडीला १९७९पासून डबलडेकर डबे होते. वरच्या मजल्यावरची खिडकी म्हणजे पालघर-बोईसरच्या पोरांसाठी काय होती ते वेगळं सांगायला नको. खाली बसणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्लॅटफॉर्मवरचे पाय, वर बसणाऱ्यांना सगळं स्टेशन. जुलै २०२३मध्ये ते डबे काढले आणि नवे एलएचबी डबे आले. नवे डबे जास्त सुरक्षित आहेत, तक्रार करायला जागा नाही. तरी शेवटच्या दिवशी लोक मुद्दाम फोटो काढायला गेले होते. किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीसाठी एवढं कोण करतं? ज्याला ती रोज मिळत होती तोच.

बोईसरच्या नवापूर नाक्यावरून शेअर रिक्षा पकडली की समुद्र फार लांब नाही. कारखान्यांच्या भिंती, ट्रक, धूळ, मग अचानक ताडाची झाडं आणि हवेत मिठाचा वास. नवापूरचा किनारा ‘इन्स्टा’साठी बनलेला नाही. शिरगाव, केळव्यासारखी मोठी गर्दीही इथे नसते. वाळू करडी, पाणी मातकट. पण ओहोटीला हा किनारा इतका आत जातो की क्रिकेटची तीन-चार मैदानं सहज मावतील. ओली वाळू कडक असते, चेंडू छान उसळतो, आणि सिक्स मारला तर आणायला कुणाच्या गच्चीवर चढावं लागत नाही. रविवारी इथे एमआयडीसीत काम करणारी मुलंही येतात. उत्तर प्रदेशातली, बिहारची, ओडिशाची. फोनवर व्हिडिओ कॉल लावून गावाकडे समुद्र दाखवतात. ज्याच्या गावापासून समुद्र हजार किलोमीटर लांब आहे त्याच्यासाठी हा मातकट किनारा काय असतो, हे इथे जन्मलेल्यांना त्या कॉलवरच्या घरच्या चेहऱ्यांवरून कळतं.

पावसाळा सरून ऊन पडलं की या पट्ट्यातल्या कोळीवाड्यांत बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळत पडतात. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवायचे आणि काठीवर टांगायचे. बाहेरून आलेले नाकाला रुमाल लावतात. इथल्यांना त्या वासाने भूक लागते. सुका बोंबील निखाऱ्यावर भाजून, ठेचून, कांदा-मिरची घालून तांदळाच्या भाकरीबरोबर. यावर आणखी लिहिलं तर हा लेख इथेच संपेल.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत टोपलीतला सुका साठाच कामाला येतो. आणि सोबत शेवळं. पहिल्या पावसाच्या आगेमागे आदिवासी बायका जंगलातून खुडून आणतात, स्टेशनबाहेर आणि बाजारात वाटे लावून बसतात. शेवळाने घसा खाजतो, म्हणून त्याच्याबरोबर काकडाची आंबट फळंही घ्यायची असतात. विकणारी मावशी न विचारता ती पुढे करते, आणि कशी करायची तेही सांगते. पंधरा-वीस दिवस, की संपलं. वर्षभर मिळालं असतं तर शेवळाला कुणी विचारलं असतं का? मला शंका आहे. मग नारळी पौर्णिमा येते, सोन्याचा म्हणून नारळ समुद्राला जातो, होड्या निघतात, आणि पहिलं ताजं पापलेट घरात येतं. त्या दिवशी जेवताना कुणी फोन बघत नाही. हेच पापलेट २०२३मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झालं, हे जाता जाता.

आता त्या रुमालाची दुसरी बाजू. नवापूरच्या किनाऱ्यावर एखाद्या संध्याकाळी वारा फिरला की येणारा वास बोंबलाचा नसतो. तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी वाहून नेणारी वाहिनी इथूनच समुद्रात जाते. मेलेले मासे किनाऱ्याला लागल्याच्या बातम्या या भागाला नव्या नाहीत. खाडीत पूर्वी मिळायची ती मासळी आता मिळत नाही, हे जुनी माणसं सांगतात. या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे मच्छीमारांचीच संघटना, राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जानेवारी २०२२मध्ये लवादाने वसाहतीतल्या उद्योगांना पर्यावरणाच्या नुकसानीची भरपाई देण्याचा आदेश दिला.

छोट्या आनंदांबद्दल लिहिताना ही गोष्ट कशाला, असं वाटेल. पण मला तर हाच मुद्दा वाटतो. सुकं बोंबील, ओल्या वाळूवरचं क्रिकेट, वैतरणेवरचा वारा, यांना ‘फुकटातले आनंद’ म्हणतात. ते फुकट नसतात. कुणीतरी लोकलसाठी भांडलेलं असतं, कुणीतरी खाडीसाठी कोर्टाच्या तारखा मोजलेल्या असतात. ‘जे आहे त्यात आनंद मान’ हा सल्ला आणि ‘जे आहे ते लक्ष देऊन बघ’ हा सल्ला, दोन्ही एकसारखे दिसतात, पण पहिला माणसाला गप्प बसवतो. दुसऱ्याने उलट होतं: ज्याला बोंबलाचा वास नीट ओळखता येतो, त्यालाच आज वास वेगळा आहे हे सगळ्यात आधी कळतं.

या भागातला अजून एक आनंद आहे, तो कुणी मोठ्याने बोलत नाही. ‘निघालो’ असा मेसेज. घरातलं कुणी रात्रपाळीला असेल तर तुम्हाला ठाऊक आहे. वसाहतीत स्फोट झाला, आग लागली, की मिनिटांत ग्रुपवर फोटो फिरतात, आणि फोन लागेपर्यंत घरातलं कुणी बसत नाही. बाकीच्या दिवशी तोच ‘निघालो’ आपण न उघडता वरच्या वर वाचून सोडून देतो.

फोनचा विषय निघालाच आहे तर. सूर्यास्त बघताना रील काढणाऱ्यांना झोडपणं सोपं आहे, पण संशोधन थोडं वेगळं सांगतं. क्रिस्टिन डील, गॅल झॉबरमन आणि अलिक्झांड्रा बाराश या तिघांनी २०१६मध्ये दाखवलं की फोटो काढल्याने अनुभवाची मजा वाढू शकते, कारण काय टिपायचं हे शोधताना आपण जास्त निरखून बघतो. मात्र त्यांच्याच २०१८च्या अभ्यासात एक मेख निघाली. तोच फोटो सोशल मीडियावर टाकायचा म्हणून काढला, तर मजा कमी होते. लोक काय म्हणतील, मी कसा दिसेन, हे मधे येतं. म्हणजे काढा की फोटो. टाकायचा की नाही ते घरी जाऊन ठरवा.

आणि नवापूरला जाणारच असाल तर ओहोटी बघून जा, नाहीतर क्रिकेट सोडा, उभं राहायला वाळू मिळणार नाही. अॅप लागत नाही. कोळ्यांचा जुना हिशोब आहे: त्या दिवशीची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ साधारण निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, आणि तिथून सहा तास पुढेमागे ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे संध्याकाळचा बेत रद्द. रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून मागच्या रविवारचा अंदाज या रविवारी चालत नाही. पावसाळ्यात उधाणाला पाण्यात उतरू नका, हेही त्यातच आलं.

पुनवेला आणि अमावास्येला मात्र दुपारी बाराच्या आसपास भरती असते, आणि संध्याकाळी सहाला पाणी सगळ्यात लांब गेलेलं. पुनवेच्या दिवशी तर समोर सूर्य बुडत असताना मागे, बोईसरच्या चिमण्यांच्या बाजूला, चंद्र वर येत असतो. शेवटची ओव्हर त्याच उजेडात टाकतात. परतीची रिक्षा तेवढी आधी विचारून ठेवा.