आजीला खेळू द्या!

पडू नये म्हणून म्हाताऱ्या माणसाला आपण खाटेवर बसवून ठेवतो. बसून पाय दुबळे होतात आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २००७ साली पायाखाली ठेवायची एक फळी काढली. तिच्यावर उभे राहून अंग इकडे-तिकडे झुकवले, की टीव्हीवरचा चेंडू घरंगळतो. पाय आणि डोके एकदमच कामाला लागतात, मेख तीच. फळी महाग होती, पण आम्ही म्हणतो, तिच्यावाचून अडत नाही. आजीने जड खुर्ची धरून उभे राहावे. नातवाने 'डावा' म्हणताच उजवा पाय उचलावा, 'उजवा' म्हणताच डावा! चुकली तर नातू हसेल, हसू द्या. चक्कर येत असेल, लकवा होऊन गेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. जवळ एक मोठे माणूस हवेच.