विमानाचे तास आणि शरीराचे तास

गेल्या महिन्यात एक काकू दवाखान्यात आल्या. न्यूयॉर्कला मुलाकडे चार महिने राहून नुकत्याच परतल्या होत्या. "डॉक्टर, प्रवासाने पाय सुजलाय. तेल लावून चोळते, पण सूज उतरत नाही." पाहिले तर एकच पोटरी जाड, गरम आणि दुखरी. तपासणीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. औषध वेळेवर सुरू झाले, आता त्या बऱ्या आहेत. "पण विमानात तर चौदा-पंधरा तासच बसले होते!" त्या म्हणाल्या.

हा हिशेब पुष्कळांचा चुकतो. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला जाताना साधारण १५ ते १६ तास लागतात. येताना उंचावरचा पश्चिमेचा वारा पाठीशी असल्याने वेळ थोडा कमी लागतो. पण आपला प्रवास मुंबईत नव्हे, नगरला सुरू होतो. मुंबईपर्यंत मोटारीने पाच-सहा तास, विमानतळावर तीन तास आधी हजेरी, उतरल्यावर रांगा आणि पुन्हा गाडी. घराच्या उंबऱ्यापासून मोजले तर २६-२७ तास होतात, आणि त्यातले बहुतेक बसून जातात.

चालताना पोटरीचे स्नायू आवळले जाऊन रक्त हृदयाकडे ढकलतात. बसून राहिले की हा पंप थंडावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले, की चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. मग ते विमान असो, बस असो की रेल्वे. घाबरण्याचे मात्र कारण नाही. अशा विमानप्रवासात सुमारे ६,००० जणांत एकाला हा त्रास होतो. पूर्वी गुठळी झालेले, नुकतेच ऑपरेशन झालेले, कर्करोगाचे रुग्ण आणि अतिलठ्ठ व्यक्ती यांनी अधिक जपावे.

दुसरी गोष्ट हवेची. विमानात हवेचा दाब ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. आपले कळसूबाई शिखर सुमारे ५,४०० फूट उंच आहे. म्हणजे प्रवासी तासन् तास कळसूबाईपेक्षाही विरळ हवेत बसतो. हृदयाचा किंवा दम्याचा विकार असेल तर तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे.

तिसरी गोष्ट घड्याळाची. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ व हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. त्यामुळे मधुमेहींच्या जेवणाची आणि औषधांची वेळ चुकते. इन्सुलिनचे वेळापत्रक आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकते.

प्रवासात तासा-दोन तासांनी उठून फेरी मारावी. बसल्या जागी पावले वर-खाली हलवावीत. पाणी पीत राहावे, मद्य व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, कपडे सैल घालावेत. ॲस्पिरिन मनाने घेऊ नये. मोटारीने जाताना वाटेत एक-दोनदा उतरून चालावे.

आणि परतल्यावर चार-सहा आठवड्यांत एकच पाय सुजला, दुखला, तर तेल चोळू नका. ताबडतोब डॉक्टरांकडे जा. त्यासोबत अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालय गाठा. गुठळी फुप्फुसात गेली तर वेळ फार थोडा असतो.