पानिपतच्या दुसऱ्या जगात रामजी सुभेदार कोठे?

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यानंतर आमच्या मंडळातील अनेकांनी त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा पुन्हा काढून वाचली. तिचे इंग्रजी रूप भारतात अकरावीच्या क्रमिक पुस्तकात असल्यामुळे तिकडे शिकून आलेल्या तरुणांनाही ती ठाऊक आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठी सैन्याचा धीर खचला, हा आपला इतिहास. कथेतील इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पडतात, की जेथे ती गोळी विश्वासरावांना चाटून गेली, मराठे जिंकले आणि ईस्ट इंडिया कंपनी मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणी उरली. ते परततात तेव्हा त्या जगातील बखरीचे एक फाटके पान त्यांच्या खिशात असते.

कथा वाचून झाल्यावर दोन प्रश्न निघाले. तरुणांनी विचारले, असे जग खरोखर कोठे असेल काय? वडीलधाऱ्यांनी विचारले, असले तर त्यात आपण कोठे असू? आम्हांस दुसरा प्रश्न अधिक जड वाटतो; परंतु पहिल्याचा उलगडा झाल्यावाचून त्याला हात घालता येत नाही.

पहिल्या प्रश्नासाठी फार दूर जावयास नको. आपल्यापैकी कित्येकांची घरे ज्या न्यू जर्सीत आहेत, तेथील प्रिन्स्टन या लहानशा गावात हा प्रश्न तीन वेळा, तीन निरनिराळ्या अंगांनी हाताळला गेला. १९५७ साली, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या काही महिन्यांत, ह्यू एव्हरेट या तरुणाने तेथे डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. क्वांटम सिद्धान्त सूक्ष्म कणांविषयी अनेक शक्यता एकाच वेळी सांगतो. मोजणी केली की आपल्या पदरी त्यांतील एकच पडते. बाकीच्यांचे काय होते? एव्हरेटचे उत्तर असे की, त्या नाहीशा होत नाहीत. साऱ्याच घडतात, परंतु एकमेकींपासून तुटलेल्या फांद्यांत. त्या काळी या मताची फारशी दखल घेतली गेली नाही. एव्हरेटने विद्यापीठीय जगाचा निरोप घेतला आणि तो पेंटॅगॉनसाठी शस्त्रास्त्रांचे हिशेब करू लागला. १९७० मध्ये ब्राइस डीविट यांनी लेख लिहिला, तेव्हा कोठे हे मत सर्वतोमुखी झाले.

नारळीकरांनी कथेत याच विचाराचा आधार घेतला आहे. गोळी लागली काय आणि चाटून गेली काय, निसर्गाच्या दोन्ही नियमांत बसते. म्हणून एव्हरेट खरा असेल, तर विश्वासराव वाचले अशी फांदी असणे असंभाव्य नाही. जादूच्या सतरंजीला मात्र तेथे थारा मिळणार नाही. जे भौतिकशास्त्राला मुळातच अमान्य आहे, ते कोणत्याही फांदीवर उगवत नाही. शिवाय फांद्या तुटलेल्या म्हणजे तुटलेल्याच! गंगाधरपंतांचा प्रवास आणि ते बखरीचे पान ही कथाकाराने घेतलेली मुभा होय. एव्हरेटचे मत हा गणिताचा एक अर्थ आहे; तोच खरा आणि इतर अर्थ खोटे, असे ठरविणारा प्रयोग अद्याप झालेला नाही. स्फोटातून विश्व जन्मले या बहुमान्य सिद्धान्तालाही आयुष्यभर पुरावा मागत राहिलेल्या नारळीकरांनी हा विषय कथेत मांडला, दाव्याच्या रूपात मांडला नाही, यातच त्यांची शिस्त दिसते.

प्रिन्स्टनमध्येच पुढे तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी एव्हरेटहून मोठी झेप घेतली. १९८६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादिले की, तर्काला विसंगत नसलेले प्रत्येक जग आपल्या जगाइतकेच खरे आहे, आणि ‘प्रत्यक्ष’ हा शब्द ‘येथे’ या शब्दासारखा, बोलणाऱ्यागणिक जागा बदलणारा आहे. मग विक्रमाच्या खांद्यावरून बोलणारा वेताळही कोठेतरी आहेच म्हणावयाचे! त्यावर सॉल क्रिप्की यांचा आक्षेप मोलाचा आहे. त्यांनी जानेवारी १९७० मध्ये, तेही प्रिन्स्टनमध्येच, तीन व्याख्याने दिली. दुसऱ्या जगात शेरलॉक होम्सशी तंतोतंत जुळणारा माणूस निघाला, तरी तो होम्स ठरत नाही. कारण लेखकाने त्याच्याविषयी लिहिलेलेच नव्हते. हाच न्याय गंगाधरपंतांना लागू पडतो. विश्वासरावांची गोष्ट निराळी. ते हाडामांसाचे होते, म्हणून ‘ते वाचले असते तर’ हा प्रश्न खऱ्या माणसाविषयीचा ठरतो.

आता वडीलधाऱ्यांचा प्रश्न. क्रिप्की यांचे त्याच व्याख्यानांतील आणखी एक म्हणणे असे, की माणसाचे आईबाप बदलले तर तो माणूस तो राहत नाही. दुसराच कोणी होतो. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला, कारण रामजी सकपाळ इंग्रजांच्या फौजेत सुभेदार होते. आजोबा मालोजीही फौजेतलेच. १७६१ चा निकाल फिरवा, म्हणजे १ जानेवारी १८१८ चे भीमा कोरेगाव राहत नाही, महूची ती छावणी राहत नाही, आणि रामजी व भीमाबाई यांचा संसार उभा राहण्याची शक्यताही जवळजवळ संपते. त्या जगात बाबासाहेब ‘वेगळे’ असणार नाहीत. ते असणारच नाहीत. फांदी जितकी मागे फुटते, तितकी आपली माणसे तिच्यातून गळत जातात.

आणि तेथील महारवाड्याचे काय? पेशवाईतील पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके असे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये नमूद केले आहे. विजयी पेशवाईने ते मडके उतरविले असते काय? कथा हा प्रश्न विचारीत नाही. तो तिचा विषयच नव्हता, म्हणून आम्ही कथाकाराला दोष देत नाही. परंतु कथेतील कंपनी मुंबईत शिल्लक आहे, ही गोष्ट आमच्या नजरेतून सुटली नाही. जेथे कंपनी, तेथे तिची फौज आणि कदाचित त्या फौजेत एखादा महार शिपाईही.

आपल्या परंपरेला अनेक जगांची कल्पना नवी नाही. अंगुत्तर निकायात भगवंत आनंदाला सहस्र चंद्र, सहस्र सूर्य आणि सहस्र जंबुद्वीपे असलेल्या लोकधातूविषयी सांगतात. परंतु तेच भगवंत जग सान्त की अनंत या मालुंक्यपुत्ताच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे नाकारतात. बाण लागलेल्या माणसाने, तो कोणी मारला हे कळेपर्यंत बाण काढू न देण्यासारखेच ते आहे, असे मज्झिम निकायातील हे सुत्त सांगते.

आमच्या एका तरुण सदस्याचा मुद्दा मात्र टाळता येणार नाही. सर्वच शक्यता कोठे ना कोठे घडत असतील, तर २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ उचलली, याला मोल ते काय? दुसऱ्या एखाद्या फांदीत ती उचलली गेली नसेलच. हाच आक्षेप लुईस यांच्यावरही घेतला गेला होता. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की जगांची एकूण बेरीज आपल्या हाती नाही. आपल्या इच्छा आणि आपली कर्तव्ये येथील माणसांशी बांधलेली आहेत. आम्हांस हे उत्तर पटते. महाडच्या तळ्यावर तहानलेले लोक याच जगातले होते.

त्या दुसऱ्या जगातील महारवाड्यातून निघालेली कथा आमच्या वाचकांपैकी कोणी लिहावी, अशी आमची विनंती आहे. पानिपत जिंकल्याची वार्ता पुण्यात पोहोचली, त्या रात्री वेशीबाहेर काय बोलणे झाले, येथून तिचा आरंभ करता येईल. कथेस पुढील अंकात जागा राखून ठेवली आहे.